उघडा कंस

इतवारीत बाजाराच्या गल्लीला ओळ म्हणतात.
लोहा ओळीच्या पाठीमागे
मी एकतीस वर्षं शिशाच्या ओळी लावल्या.
जुळारी होतो. खिळे उलटे उचलायचे, आरशातल्यासारखे,
न बघता, बोटांनीच.
लग्नपत्रिका, निविदा, तेरवीची कार्डं.
श्री. काढून कै. लावायला
एवढासाच वेळ लागायचा.

तेव्हा संक्षेपाची भीती मला कुणी घालू नये.
चि., सौ. कां., ती., सा. न. वि. वि.
अख्खी घराणी आम्ही टिंबांवर उभी केली
आणि खरी गोष्ट
ता. क. मध्ये लिहिली.

तरी श्वेतलचा निरोप आला, इंग्रजीतला नुसता के,
तेव्हा चष्मा दोनदा पुसला.
मी विचारलं होतं, जेवलीस का,
खोलीवर पंखा चालतो का,
त्या नव्या साहेबाचं काय झालं.
तिन्ही प्रश्नांना मिळून एक अक्षर,
ज्याच्या मागेपुढे कुणी नाही.

मोमिनपुऱ्याच्या कोपऱ्यावर तौसिफचं मोबाइलचं दुकान.
"काका, के म्हणजे ओके. ओ गाळला."
"काहून गाळला बे? जागा कमी होती का?"
"जागा गंज आहे जी. टाइम नाही कोणाले."

मग त्यानं पावतीच्या पाठीवर लिहून दिलं.
बी आर बी: आलोच जाऊन.
आय डी के: मले नाही मालूम.
टी सी: जपून राहा, रेल्वेतला नव्हे.
आणि शेवटी
:)
मी म्हटलं, हा अपूर्णविराम, पुढे यादी यायला हवी.
आणि हा कंस बंद होतोय, उघडला कुठे?
"काका, मान डावीकडे टाका."

टाकली.
जन्मभर उलटं वाचलं, आता आडवं.
दोन टिंबं, खाली ओठ.
हसत होतं बेटं.
अर्धविराम डोळा मारतो, हेही त्या दिवशी कळलं;
आमच्या वेळी तो फक्त दम खायचा.

एक गोष्ट तौसिफला ठाऊक नाही.
अपूर्णविरामाचं घर रिकामं झालं
की आम्ही विसर्ग लावून भागवायचो.
शिशाला फरक कळत नाही.
हसऱ्या तोंडाचे हे दोन डोळे
मी जुने ओळखतो.
दुःखाच्या मधोमध बसायचे ते.

परवा रात्री, पारा शेहेचाळीसवरून उतरायला तयार नाही,
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून पडलो होतो.
एक वाजून दहा मिनिटांनी फोन चमकला.
:(
बस, एवढंच.
मान टाकायची गरज नव्हती,
डाव्या कुशीवरच होतो.

आमच्याकडे उघड्या कंसाचं पान मशीनवर जात नसे.
प्रूफ पाहणारे देवगडे
लाल पेन्सिल बोटांवर मारायचे.
पावती काढून पाहिली. तिच्यात याचं उत्तर नव्हतं.
मग अंगठ्यानं, चाचपडत,
जे माझ्या हातचं होतं ते पाठवलं:
)

बराच वेळ काही नाही.
वर 'लिहीत आहे' येतं, जातं, पुन्हा येतं.
"बाबा हे काय"
"कंस उघडा ठेवू नये."
"चुकून दबलं का"
"नाही वं."

फोन वाजला.
कूलर असा गरजत होता
की तिचा आवाज येई तो अर्धा, तुटका,
जमिनीवर सांडलेल्या खिळ्यांसारखा.
उठलो. बटण बंद केलं.
पातं थांबेस्तोवर
तीही थांबली.

"हं," म्हटलं, "बोल आता.
पुरं बोल."